उष्णता, तांबें आणि दुधाचें भांडें

अग्नि सर्व कांहीं शुद्ध करितो अशी आपली समजूत आहे. दूध उकळलें कीं आपण निश्चिंत होतों. जंतूंपुरती ही समजूत ठीक आहे; परंतु धातु आणि सेंद्रिय पदार्थ यांचा जो संयोग होतो, त्यापुढें चुलीचा विस्तव पुष्कळदां हतबल ठरतो.

पालकाचेंच उदाहरण घ्या. पानांतील हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असून नत्राचे चार अणु त्यास चहूंकडून धरून असतात. भाजी शिजूं लागली कीं पानांतील अम्ल मॅग्नेशियमला बाहेर लोटतें आणि हिरवा रंग मळकट होतो. त्याच जागीं तांबें बसलें, तर मात्र तो रंग शिजवूनही ढळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत डब्यांतील वाटाण्यांना तांब्याचे क्षार लावीत, त्याचें मर्म हेंच. म्हणजे पकड किती टिकेल, हें धातूवर अवलंबून असतें.

दुधांतील केसीन हें प्रथिनही तांब्यास असेंच धरतें. खेकडा दोन्ही नांग्यांनीं काडी पकडतो, तशी ही अनेक ठिकाणची पकड असते. उकळत्या दुधाच्या उष्णतेनें ती सुटत नाहीं. दूध आटवून जाळलें, तरी सेंद्रिय भाग जळेल, तांबें राखेंत उरेलच.

पूर्वीं आमच्या मोताळ्यासारख्या गांवीं काय किंवा शहरांत काय, दूध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवून तसेंच ठेवण्याची चाल होती. त्याच काळीं आपल्या देशांत लहान बालकांचें यकृत कठीण होण्याचा एक रोग आढळे. पोट फुगे, कावीळ होई, आणि बहुतेक मुलें दगावत. अशा मुलांच्या यकृतांत तांब्याचा अतोनात सांठा सांपडे. १९८३ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्रज वैद्य स्टुअर्ट टॅनर यांच्यासह 'लॅन्सेट' या नियतकालिकांत असें मांडलें कीं, आईचें दूध लवकर सुटून अशा भांड्यांतील वरचें दूध सुरू होणें, हें या रोगाचें कारण असावें. कांहीं बालकांची जन्मजात प्रवृत्तिही त्यास साह्य करीत असावी, असें पुढें कित्येकांनीं सुचविलें.

उपायही याच शास्त्रानें दिला. पेनिसिलामाइन नांवाचें सेंद्रिय औषध तांब्यास केसीनप्रमाणेंच धरतें आणि लघवीवाटे बाहेर नेतें. रोग लवकर ओळखला गेला, तर त्यानें कांहीं मुलें वांचलीं. परंतु खरा उपाय भांडें बदलणें हाच होता. घरोघर पोलादी भांडीं आलीं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

आपल्या पूर्वजांस हें धोरण ठाऊक नव्हतें असें नाहीं. कल्हईवाला भांडें तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानें कथील पसरी, तें तांबें आणि अन्न यांमध्यें पडदा घालण्यासाठींच. हा पडदा झिजला म्हणजे संरक्षण संपलें.

अलीकडे जुनीं पितळी भांडीं पुन्हां हौसेनें बाहेर येत आहेत. तीं अवश्य मिरवावींत. परंतु कल्हई नसेल तर त्यांत दूध, दही, ताक वा चिंचेचें सार ठेवूं नये. विशेषतः तान्ह्या मुलाचें दूध तर नाहींच. उकळी फुटली म्हणून भांड्याचा दोष जात नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.