गळाची दोरी
(एस. वाय. बी. ए.)

गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. माझ्या वर्गमित्रांचाही तोच आहे. ज्या घरी संध्याकाळचे कालवण गळाला काय लागते यावर ठरते, त्या घरी हा समज टिकणे कठीण. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु गळाच्या विषयात माझे आजोबा आणि वडील हे दोघेही पदवीशिवायचे प्राध्यापक आहेत. प्रस्तुत लेखात जे थोडेफार सांगणार आहे त्यातले निम्मे त्यांच्याकडून ऐकलेले आहे, निम्मे ग्रंथालयात बसून वाचलेले.

काठावर बघे जमतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. आमिष कोणते? गळ केवढा? दोरी कोणती, असे कोणी विचारत नाही. वास्तविक आमिष म्हणाल तर गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. त्यात फारसे गूढ नाही. गूढ आहे ते दोरीत. तिचे दोन भाग समजून घ्यावे लागतात. गळाजवळचा हातभर तुकडा माशाच्या डोळ्यासमोर असतो, म्हणून तो बारीक आणि नितळ हवा. त्याच्यावर शिसे. आणि शिशाच्या मागे वीस, तीस, कधी चाळीस मीटर जी दोरी हातापर्यंत येते ती मागची दोरी. शिसे फेकले की त्याच्या पाठोपाठ ती धावत जाते, म्हणून तिला धावती दोरीही म्हणता येईल. हा लेख तिच्याविषयी आहे.

आता ती धावते कशी ते पाहू. गोदावरीवरचे गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. मातीचे धरण, आणि मागे पसरट जलाशय. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठाला उथळ गाळाची पट्टी उरते. मोठा मासा दिवसा त्या उथळात येत नाही. तो आत, खोल पाण्यात असतो. म्हणजे गळ लांब जायला हवा. आमच्याकडे काठी आणि चाक वापरणारे थोडे. बहुतेकांची दोरी डब्याला नाहीतर बाटलीला गुंडाळलेली असते. ती जमिनीवर वेटोळ्यांत सोडायची, शिसे हातभर अंतरावर धरून डोक्यावर दोन-तीन फेरे फिरवायचे आणि नेमक्या क्षणी सोडायचे. शिसे सुटते आणि वेटोळी एकामागून एक उठत जातात. त्या दोन-तीन सेकंदांत दोरीचा सगळा स्वभाव कळतो.

येथे थोडे गणित करतो. कंटाळा आल्यास वाचकांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. नायलॉनची दोरी पाण्यापेक्षा किंचित जड असते. ०.४० मिलिमीटर जाडीची तीस मीटर दोरी घेतली तर तिचे वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम भरते. जाडी दुप्पट, म्हणजे ०.८० मिलिमीटर केली, तर वजन दुप्पट होत नाही. चौपट, म्हणजे सुमारे सतरा ग्रॅम होते. आपले शिसे तीस ग्रॅमचे धरले, तर पहिल्या दोरीचे ओझे त्याला जवळजवळ जाणवत नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्याने आपल्या अर्ध्याहून अधिक वजनाची शेपटी ओढत न्यायची असते. शिवाय वाऱ्याला अडणारे अंग जाड दोरीचे जास्त. म्हणून बारीक दोरीवर गळ लांब जातो. हिशेबाची दुसरी बाजूही तशीच आहे. ताकदही चौपटीनेच वाढते आणि कमी होते. जाडी निम्मी केली की ताकद चौथाई उरते. लांब फेकीच्या हौसेपायी माणूस दोरी बारीक करत जातो आणि एक दिवस चार किलोचा कटला दोरीसकट निघून जातो.

आजोबांच्या तरुणपणी हा हिशेबच नव्हता, कारण नायलॉनच नव्हते. सुताची नाहीतर तागाची पिळाची दोरी असे. ती पाणी पिऊन जड होई, आणि वापरून झाल्यावर वाळवली नाही तर कुजे. कोकणात जाळी कुजू नयेत म्हणून त्यांना ऐनाच्या सालीचा रंग देत असत. सुताच्या दोरीचा एक गुण मात्र आजोबा अजून सांगतात: ती हातात बसे. ओल्या हातातूनही निसटत नसे, आणि जमिनीवर टाकली की पडल्या जागी पडून राही.

नायलॉनचा शोध अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली लावला. त्याची एकसंध तार म्हणजे आपला तंगूस. तो कुजत नाही, गुळगुळीत असतो, पाण्यात चटकन दिसत नाही, आणि स्वस्त आहे. त्याच्या खोडी तीन. पहिली म्हणजे तो ताणला जातो. तुटेपर्यंत पाचव्या हिश्श्याइतका सहज लांबतो. लांबवर माशाने आमिष हलकेच चाखले तर ते बोटाला उशिरा कळते. (हीच खोड मोठा मासा लागल्यावर गुण ठरते, कारण त्याचा हिसका दोरी स्वतःच गिळते.) दुसरी, ओला झाला की त्याची ताकद दहाएक टक्क्यांनी उतरते आणि उन्हात पडून राहिला तर कायमची उतरत जाते. तिसरी खोड सर्वांत त्रासदायक. तंगूस ज्यावर गुंडाळला त्याचा आकार लक्षात ठेवतो. लहान बाटलीवर सहा महिने गुंडाळलेला तंगूस सोडला की स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांत उभा राहतो. फेकीच्या वेळी एका वेटोळ्यात दुसरे अडकते आणि शिसे अर्ध्या वाटेत झटका खाऊन पडते. जाड तंगुसाची ही आठवण अधिक पक्की. उपाय साधा आहे. दोरी रुंद डब्यावर गुंडाळावी, आणि फेकण्यापूर्वी एक टोक झाडाला बांधून सबंध दोरी हळूहळू ताणून मिनिटभर धरावी. वेटोळी सरळ होतात.

गंमत अशी की, नेमका हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडच्या हौशी लोकांनाही पडलेला आहे. स्कॉटलंडमध्ये स्पे नावाची नदी आहे. तिच्यात सामन मासा मिळतो. तो धरण्यासाठी पिसांची खोटी माशी वापरतात. माशीला वजन नाही, मग ती लांब फेकायची कशी? त्यांनी वजन दोरीतच घातले. पुढचा दहा-बारा मीटरचा भाग जाड आणि जड, मागची दोरी बारीक. आपल्याकडे शिसे करते ते काम तिकडे जाड दोरी करते. ती उडते आणि मागचीला ओढून नेते. स्पेच्या काठाला चढ आणि झाडी आहे, पाठीमागे दोरी भिरकावायला जागा नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तेथील लोकांनी दोरीचा फास पाण्यावरच टेकवून, दोन हातांच्या लांब काठीने तो पुढे झुगारण्याची रीत काढली. नाशिककरांनी सोमेश्वरचा धबधबा डोळ्यांसमोर आणावा. तेथे खडकात, झाडाखाली उभे राहून डोक्यावर शिसे फिरवता येत नाही. बाजूने, खालून फेकावे लागते. अडचण तीच, तोडगाही जवळजवळ तोच.

त्या लोकांत मागच्या दोरीवरून दोन पक्ष आहेत. एक पक्ष उघड्या तंगुसाचा: लांब जातो, काठीच्या कड्यांतून सुळकन निघतो. दुसरा पक्ष आवरण चढवलेल्या, किंचित जाड, पाण्यावर तरंगणाऱ्या दोरीचा: फेक थोडी कमी, पण गारठलेल्या बोटांत धरता येते आणि गुंता कमी. फेकण्यापूर्वी ते मागच्या दोरीचे वळसे हातात धरतात. पहिला वळसा मोठा, पुढचा लहान, त्यापुढचा आणखी लहान, म्हणजे सुटताना एकमेकांत जात नाहीत. हे वाचून मी वडिलांना दाखवले. ते म्हणाले, "आपण जमिनीवर ठेवतो, ते हातात ठेवतात, एवढाच फरक." वेटोळ्यांखाली ते आपले उपरणे अंथरतात, गवताच्या काडीत दोरी अडू नये म्हणून. उपरण्याचा हा उपयोग इंग्रजी पुस्तकांत मला आढळला नाही.

अलीकडे बाजारात विणलेली दोरी आली आहे. पॉलिएथिलीनच्या अतिशय बळकट धाग्यांची वीण असते. त्याच ताकदीच्या तंगुसाहून ती कितीतरी बारीक, ताणली जवळजवळ जात नाही, आकार लक्षात ठेवत नाही, पाण्यावर तरंगते. कागदावर पाहिले तर हिच्यासारखी मागची दोरी नाही. काठी आणि चाक असलेल्याने ती जरूर घ्यावी. पण आमच्यासारखे जे हातानेच मासा ओढतात त्यांच्यासाठी ही दोरी म्हणजे सुरी आहे. पाच किलोचा मासा उलटा पळाला की ती बोटात शिरते. तंगूसही कापतो, म्हणून वडील उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. पण तंगूस जाड असल्याने भार बोटावर पसरतो, आणि ताणला गेल्याने हिसका मंदावतो. आणखी एक सांगायलाच हवे. कोणतीही दोरी मनगटाला किंवा बोटाला गुंडाळून बसू नये. झोप लागेल म्हणून पायाच्या अंगठ्याला बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मासा लहान असतो तोवर ठीक!

फ्लोरोकार्बन नावाची एक महाग दोरीही मिळते. तिच्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यातल्यासारखाच वळतो, त्यामुळे ती माशाला कमी दिसते. पुढच्या हातभर तुकड्याला ती चांगली. मागच्या दोरीसाठी घेणे म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात घालणे.

मासा कोणता, यावरही दोरी बदलते. खडशीचेच पाहा. मराठी मुलखातला हा जुना, मानाचा मासा. कर्नल सायक्स याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचे वर्णन केले, तेव्हा शास्त्रीय नावातही येथल्या लोकांच्या तोंडचा 'खुद्री' हाच शब्द घेतला. आजही तो 'टॉर खुद्री' आहे. धरणे झाली, वाळू उपसली गेली आणि खडशी दुर्मिळ झाली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात तिची पिल्ले मुद्दाम वाढवून पाण्यात सोडली जातात. महसीर कुळातील या माशाची पहिली धाव प्रसिद्ध आहे. मद्रास इलाख्यातील अधिकारी एच. एस. थॉमस याने १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर जे पुस्तक लिहिले, त्यातला मोठा भाग महसीरवर खर्च केला आहे. अशा माशापुढे मागची दोरी लांब हवी, कारण पहिल्या धावेत तो अडत नाही; त्याला दोरी द्यावीच लागते. उलट मरळ काठाच्या गवतात असते. तेथे दहा मीटरही पुष्कळ, पण दोरी जाड हवी, कारण ती लागताच गवतात शिरते. रोहू-कटल्याचे मध्यम.

मग घ्यायची कोणती? माझे मत असे. हाताने ओढणाऱ्याने ०.४० ते ०.५० मिलिमीटरचा तंगूस घ्यावा, आणि गळाजवळचा तुकडा त्याहून बारीक ठेवावा, म्हणजे तुटलेच तर पुढे तुटते आणि मागची सगळी दोरी वाचते. फेक पाच मीटर कमी पडली तर पडू द्यावी. शिसे थोडे वाढवून ती भरून निघते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कारण कोरड्या गाठीत घर्षणाने तंगूस तापतो आणि तेथेच कमजोर होतो. दर वर्षी पुढचे दोन-तीन मीटर कापून टाकावेत. खडकावर घासून ते खरबरीत झालेले असतात. दोन बोटांत धरून दोरी ओढली की खरबरीतपणा कळतो. दुकानदार हातात देईल ते रीळ जुने, उन्हात ठेवलेले नाही ना, हेही पाहावे. एवढ्या चौकशीला काही दुकानदार वैतागतात. परंतु माझी पहिल्या वर्षाची पुस्तके ज्या माशांवर आली ते मासे याच दोरीवर आले होते, तेव्हा चौकशी करण्यात मला संकोच वाटत नाही.

कापून टाकावेत असे मी वर म्हटले. काठावर टाकावेत असे नव्हे. सुताची दोरी कुजून मातीत जाई. तंगूस वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, ती माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात म्हणून. काठावर सोडलेला तंगूस हा त्याच मांजाचा सख्खा भाऊ. याच गोदावरीवर खाली निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले. पाण्याच्या कडेने चालणाऱ्या बगळ्याच्या किंवा करकोच्याच्या पायाला असा एक फास पुरतो. आमच्या घरी तुटका तंगूस एका काडीला गुंडाळून परत आणतात. अंगणातला दोडक्याचा वेल सध्या त्याच्यावरच चढलेला आहे.