सोलर पंपाचं पाणी कमी झालं? मोटार काढण्याआधी पॅनेल बघा



मागच्या आठवड्यात एका सभासद दादांचा फोन आला. "सकाळी दहापर्यंत पंप जोरच धरत नाही, उद्या मोटार वर काढतो." म्हटलं, थांबा, मी येतो. जाऊन बघितलं तर शेवग्याच्या फांदीची सावली दोन पॅनेलच्या खालच्या ओळीवर! फांदी छाटली, दुसऱ्या दिवशी पाणी पहिल्यासारखं. मोटार काढायचा खर्च वाचला.

एवढ्याशा सावलीने एवढा फरक का पडतो?

*आत काय असतं?*
पॅनेलवरचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक सेल, सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका बाजूत फॉस्फरस, म्हणजे आपलं स्फुरद, आणि दुसऱ्या बाजूत बोरॉन किंवा गॅलियम अगदी किंचित मिसळलेलं असतं. स्फुरदाच्या बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जागा रिकाम्या. दोन्ही मिळतात तिथे जणू एकाच दिशेचा उतार तयार होतो. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, उताराने स्फुरदाच्या बाजूला जातो आणि तारेतून, पंपातून फिरून परत येतो. हीच वीज.

एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो, म्हणून ते एकामागे एक जोडतात. एकाच पाइपवर कुठेही कॉक अर्धा बंद केला तर सगळंच पाणी कमी होतं ना? तसंच एका सेलवर सावली पडली की त्या ओळीची वीज अडते.

*कडक ऊन, जास्त वीज?*
नाही. वीज प्रकाशाने होते, उष्णतेने घटते. पॅनेलवरचे वॅट सेल २५ अंशाला असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. सेल ६० अंशांवर गेला तर १० ते १४ टक्के वीज कमी.

*काय करायचं?*
✅ सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली बघा.
✅ धूळ, पक्ष्यांची विष्ठा मऊ फडक्याने, साध्या पाण्याने पुसा. पॅनेल थंड असतानाच. क्षाराच्या पाण्याचे डाग राहतात, ते पाणी टाळा.
✅ पॅनेलखाली हवा खेळू द्या. चारा, पोती रचू नका.
⚠️ स्विच बंद असला तरी उजेडात पॅनेलच्या वायरमध्ये वीज असते. जोड स्वतः सोडू नका.

तरीही पाणी कमी वाटलं तर तिन्ही वेळेचे फोटो पाठवा, मग ठरवू.

– तुमचा कृषी सल्लागार