टायटनची धून, ‘छाया’तलं गाणं आणि मोझार्ट: ‘सोनाटा फॉर्म’ म्हणजे नेमकं काय?

टायटन घड्याळांच्या जाहिरातीची ती धून अनेकांच्या कानात अजून असेल. ती मोझार्टच्या 25व्या सिम्फनीतली. ‘छाया’ (1961) चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या गाण्यासाठी सलील चौधरींनी जी चाल घेतली, ती त्याच्याच 40व्या सिम्फनीची सुरुवात. म्हणजे ओळख जुनीच आहे. अडतं ते पुढे. यूट्यूबवर 40वी सिम्फनी लावली की आधी ‘अरे, हे तर ते गाणं!’ असं होतं आणि मग सूर कुठे चाललेत तेच कळत नाही. बरेच जण तिथेच बंद करतात.

आधी शब्दांचा घोळ. पाश्चात्त्य अभिजात संगीताला सरसकट ‘क्लासिकल’ म्हणतात, पण ‘क्लासिकल युग’ म्हणजे साधारण 1750 ते 1820, हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हेनचा काळ. तेव्हाची सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा चार भागांची रचना. या भागांना मूव्हमेंट म्हणतात. एक वादक पुढे आणि सोबत वाद्यवृंद असेल, तर तो कॉन्चेर्टो. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो एवढेच असतील, तर स्ट्रिंग क्वार्टेट.

खरी मेख ‘सोनाटा फॉर्म’मध्ये आहे. पहिली मूव्हमेंट बहुतेक वेळा याच साच्यात असते.

आपल्याकडे षड्ज लागला की राग संपेपर्यंत तो हलत नाही. इथे तो हलतो, आणि सगळी गोष्ट त्या हलण्यातच आहे. 40वी सिम्फनी 1788च्या जुलैत पूर्ण झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे एक्स्पोझिशनमध्ये, ‘छाया’वाली अस्वस्थ चाल जी मायनरमध्ये येते. मग वाद्यवृंद घर सोडतो आणि दुसरी, मोकळी चाल बी फ्लॅट मेजरमध्ये लागते. जरा हायसं वाटतं. हा टप्पा सहसा दोनदा वाजवतात. नवख्या कानांची सोयच म्हणायची.

पुढे डेव्हलपमेंट. याची सुरुवातच एफ शार्प मायनरमध्ये होते, म्हणजे मूळ स्वराला खेटून, पण नात्याने फार लांब. पहिल्या चालीचे तुकडे होतात आणि ते या स्वरावरून त्या स्वरावर फेकले जातात. हरवल्यासारखं वाटतं ते इथेच. यात ऐकणाऱ्याची चूक काही नाही, कारण हा टप्पा असतोच त्यासाठी.

शेवटी रिकॅपिच्युलेशन, म्हणजे घरवापसी. पहिली चाल जी मायनरमध्ये परतते. नियमाप्रमाणे दुसरीलाही आता त्याच घरात यावं लागतं. पण हे घर मायनरचं, कोमल गंधाराचं. त्यामुळे मघाशी दिलासा देणारी तीच चाल आता उदास होऊन येते. पुढच्या वेळी ऐकताना ‘छाया’ची चाल सोडून ही दुसरी चाल लक्षात ठेवा आणि ती परत येईपर्यंत थांबा.