शिळाछापातील नर्तकी

लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात १२ जुलै १८४५ रोजी मारी तालिओनी, कार्लोता ग्रिझी, फॅनी चेरितो आणि ल्यूसिल ग्रान या चार कीर्तिमान नर्तकी एकत्र नाचल्या, तेव्हा ज्यूल पेरो याने बसविलेल्या नृत्यापेक्षाही दुर्घट ठरला तो मानापमानाचा मामला. अखेरचे, म्हणजे सर्वाधिक मानाचे, एकलनृत्य तालिओनीचे हे बिनतक्रार मान्य झाले. परंतु त्याच्या अलीकडच्या स्थानासाठी ग्रिझी आणि चेरितो हटून बसल्या, आणि थिएटरचे व्यवस्थापक बेंजामिन लम्ली यांनी वयाने जी वडील तिने ते घ्यावे असा निवाडा देताच दोघींचाही आग्रह एकाएकी मावळला.

त्या चौघींचे जे रूप आज सर्वतोमुखी आहे, ते ए. ई. शालाँ यांच्या रेखाटनावरून टी. एच. मॅग्वायर यांनी दगडावर उतरविलेल्या चित्राचे. ज्या शिळाप्रेसवर आपल्याकडे पोथ्या आणि पंचांगे निघत, तीच ही आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात सिद्ध केलेली विद्या : चुनखडीच्या घोटीव दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढावयाचे, दगड ओला करावयाचा, म्हणजे तेलकट शाई ओल्या भागाला न शिवता रेखांनाच धरते. ताम्रपट कोरणाऱ्यास प्रत्येक छाया रेघांनी विणावी लागे. येथे मात्र दगडाच्या सूक्ष्म कणांवरून खडू हलकेच फिरला की झिरझिरीत वस्त्राचा धूसरपणा आपोआप उमटे, आणि त्या काळच्या नृत्यास, जिथे नायिका बहुधा वनदेवता किंवा पिशाचिका असे, याहून अनुरूप साधन सापडणे कठीण होते. वर हाताने जलरंग भरले की ठसा विक्रीस सिद्ध.

साक्षीपुरावा म्हणून मात्र या चित्रांचा फारसा मुलाहिजा राखू नये. ४१ वर्षांची तालिओनी त्यांत षोडशी दिसते. पावले बाहुलीची, खांदे उतरते, आणि शरीराचा सारा भार अंगठ्याच्या अग्रावर असूनही मुद्रेवर आयासाचा लवलेश नाही. वास्तविक तिचे जोडे मऊ साटिनचे, टोकाशी रफू करून थोडे बळकट केलेले. त्यांवर क्षणभर तोल सावरणे हेच मोठे कौशल्य होते. त्याच काळची नर्तकी फॅनी एल्सलर हिच्या काचुचा या स्पॅनिश नृत्याची चित्रे मला अधिक प्रामाणिक वाटतात : हाती कॅस्टानेट, अंगावर स्पॅनिश वेष, आणि पाय भूमीशी नाते राखून असलेले.

पेरोची मूळ रचना लुप्त झाली. १९४१ साली अँटन डॉलिनने ते चौघींचे नृत्य नव्याने रचले ते मूळ संगीतकार पुन्यी याचे संगीत आणि शालाँचे चित्र यांच्या आधारे, आणि चित्रकाराने कल्पनेने दिलेली ती लीलया अंगठ्यावरची स्थिती नर्तकींना प्रत्यक्ष पायांनी निभवावी लागली; कडक टोकांचे जोडे तोवर प्रचारात आले होते, एवढाच काय तो दिलासा.