चौथा जुवांव आणि पोर्तुगीज बहुस्वरी धर्मसंगीत

पोर्तुगालचा राजा चौथा जुवांव (१६०४–१६५६) याच्या आश्रयाने तिथले धर्मसंगीत बहरले, असे अनेकदा वाचायला मिळते. मला हे विधान अर्धेच पटते. या बहराशी जोडली जाणारी तीन मोठी नावे म्हणजे दुआर्त लोबो, मानुएल कार्दोझ आणि फिलिप द मागाल्यांइश. तिघेही एव्होरा शहरात, मानुएल मेंदिश या गुरूच्या परंपरेत तयार झाले. जुवांव जन्मला तेव्हा तिघांनीही तिशी ओलांडली होती. शिवाय १५८० ते १६४० पोर्तुगालवर स्पेनच्या राजांची सत्ता होती. लिस्बनला स्वतःचा दरबारच नव्हता. म्हणजे हे संगीत फुलले ते राजा नसलेल्या देशात, चर्च आणि मठांच्या आधाराने.

बहुस्वरी संगीत म्हणजे काय, हे आपल्या कानांना थोडे समजावून सांगावे लागते. आपल्या मैफलीत एक गळा पुढे चालतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. भजनात वीस जण गायले तरी चाल एकच. इथे मात्र चार, पाच, सहा आवाज आपापली वेगळी चाल एकाच वेळी गातात. एकाने स्वरांचा तुकडा सुरू करायचा, दुसऱ्याने काही मात्रांनंतर तोच उचलायचा, तोवर पहिला पुढे गेलेला. मुख्य कोण आणि साथीला कोण, हा प्रश्नच उरत नाही. पुष्कळदा चर्चची जुनी, एकेरी लॅटिन चाल एका आवाजात लांबलांब स्वरांनी चालते आणि बाकीचे तिच्याभोवती विणले जातात. कार्दोझने १६२५ साली छापलेला सहा आवाजांचा मृतात्म्यांसाठीचा मास ऐकावा. जुनी चाल संथ, आणि सुरुवातीलाच इतर आवाजांत अर्ध्या स्वराने चढवलेले स्वर तिच्याशी असे काही भिडतात, की शोक व्यक्त करायला वेगळे काही करावेच लागत नाही.

मग राजाचे श्रेय कोणते? तो आधी ब्रागान्सा घराण्याचा ड्यूक होता. व्हिला व्हिसोझा येथे त्याच्या वडिलांनी गायक मुलांसाठी १६०९ साली शाळा काढली होती. त्याचा गुरू रॉबर्ट टॉर्नर इंग्रज. जुवांव स्वतः रचना करी. कार्दोझच्या १६३६ मधील एका ग्रंथातले मास त्याच्याच मोटेटांवर (छोट्या लॅटिन धर्मगीतांवर) बेतलेले आहेत. त्याच वर्षी कार्दोझने दुसरा ग्रंथ स्पेनच्या चौथ्या फिलिपला अर्पण केला. दोन्ही दारी पाय ठेवणे तेव्हाच्या संगीतकारांनाही चुकले नव्हते! चारच वर्षांनी, १ डिसेंबर १६४० रोजी उठाव होऊन हा ड्यूक राजा झाला.

राजा झाल्यावरही तो वाद घालत राहिला. सिरिल्लो फ्रांको याने शंभर वर्षांपूर्वी तक्रार केली होती, की आवाजांच्या या गुंत्यात शब्द बुडतात आणि प्राचीनांच्या संगीतात होती ती मन हलवण्याची शक्ती उरत नाही. शब्द मोठा की सूर, हे भांडण आपल्या नाट्यपदांनाही नवे नाही. जुवांवने १६४९ साली पुस्तक लिहून बहुस्वरी संगीताची बाजू मांडली आणि ते आपला मित्र, रचनाकार जुवांव लोरेंसु रेबेलो याला अर्पण केले. गंमत म्हणजे स्पेनशी युद्ध चालू असताना हे पुस्तक त्याने लिहिले स्पॅनिशमध्ये.

त्याच वर्षी त्याच्या संगीत-ग्रंथालयाच्या सूचीचा पहिला भाग छापला गेला. पाचशेहून अधिक पाने, आणि तीही केवळ एका भागाची. युरोपभरातल्या छापील आणि हस्तलिखित रचना त्याने लिस्बनला आणवल्या होत्या. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत राजवाड्यासह तो सारा संग्रह नष्ट झाला. सूची उरली. तिच्यात रचनेचे नाव आहे, रचनाकार आहे, आवाज किती तेही आहे. फक्त स्वर नाहीत. लोबोचे ग्रंथ अँटवर्पला छापले गेले आणि प्रती इतरत्र पोचल्या होत्या, म्हणून लोबो आज गाता येतो. राजाच्या त्या मोटेटांचा माग मात्र कार्दोझच्या मासांतच काढावा लागतो. त्याच्या नावावर सर्रास गायले जाणारे ‘क्रुक्स फिदेलिस’ शैलीने त्याच्या काळाचे वाटत नाही, आणि अभ्यासकही ते त्याचे मानायला कचरतात.

गोव्यातून पाहताना एक नोंद टाळता येत नाही. याच सत्तेखाली इथल्या चर्चच्या शाळांत मेस्तांनी मुलांना युरोपीय स्वरलिपी शिकवली. जुवांवचा नातू, पाचवा जुवांव, यानेही संगीतावर पाण्यासारखा पैसा ओतला. आणि त्याच्याच राजवटीत, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. लिस्बनची पुस्तके भूकंपात गेली. ओव्या मात्र पुस्तकात नव्हत्याच.

कार्दोझ, लोबो यांची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. पहिल्यांदा ऐकताना सगळे आवाज एकदम पकडू पाहू नये. एकच आवाज निवडावा, मधला एखादा, आणि शेवटपर्यंत त्याचेच बोट धरावे. दुसऱ्या वेळी दुसरा.