चिरक्षीण श्वानाचे संतर्पण : त्वरा न करण्याची चिकित्सा

आपल्या औषधालयाच्या पायरीशी येणारा प्रत्येक रुग्ण दोन पायांवर चालत येतो असे नाही. उपासमार झालेले, उपेक्षित श्वान घेऊन एखादा सहृदय शेजारी दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘वैद्यराज, हिला काहीतरी ताकदीचं द्या.’’ हा प्रसंग ग्रामीण भागात तर आहेच, पण अलीकडे शहरांतही अनेक वैद्यबंधूंच्या आणि औषधविक्रेत्यांच्या अनुभवास येतो. अशा वेळी काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये, आणि जे द्यावयाचे ते किती सावकाश द्यावे, हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. त्याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अष्टौनिंदितीय अध्यायात अतिकृशाचे वर्णन करताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. अतिकृश मनुष्य ज्याप्रमाणे व्यायाम, क्षुधा व तृषा सहन करू शकत नाही, त्याचप्रमाणे अतितृप्ती आणि तीव्र औषधही त्याला सोसत नाही. म्हणजे भूक जितकी घातक, तितकेच पोटभर जेवणही घातक. याच अध्यायात कृशाच्या बृंहणासाठी लघु तरीही संतर्पण करणारे अन्न योजावे असे म्हटले आहे. संतर्पणीय अध्यायात आचार्य सद्यःक्षीण व चिरक्षीण असा भेद करतात. अलीकडेच क्षीण झालेला तर्पणाने लवकर भरून येतो. दीर्घकाळ क्षीण झालेला मात्र संतर्पणाच्या सातत्याने, देह, अग्नी, दोष, मात्रा व काल पाहून, घाई न करणाऱ्या वैद्याच्याच हाती सुधारतो.

हे सर्व मनुष्यासाठी सांगितलेले आहे. तथापि आधुनिक शास्त्राने ‘रिफीडिंग सिंड्रोम’ या नावाने जे वर्णिले आहे, ते या वचनांशी आश्चर्यकारक रीतीने जुळते, आणि ते श्वानांतही घडते. दीर्घ उपवासात शरीर पिष्टमय पदार्थांऐवजी स्वतःच्या मेदावर व मांसावर जगू लागते. पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा साठा आतून रिता होत जातो, परंतु रक्तातील त्यांचे प्रमाण बराच काळ ठीक दिसू शकते. अशा देहात एकाएकी भरपूर अन्न, विशेषतः पिष्ट व साखर गेली की इन्शुलिन उसळते आणि ही द्रव्ये रक्तातून पेशींत ओढली जातात. थायमिनचीही ओढाताण होते. परिणामी दौर्बल्य, कंप, आक्षेप, श्वासकष्ट, रक्तकणांचा नाश, हृदयाच्या गतीत बिघाड आणि प्रसंगी मृत्यू. धोक्याचा काळ बहुधा पहिल्या काही दिवसांचा, म्हणजे नेमका तो, ज्या दिवसांत पाहणाऱ्याला वाटते की ‘आता खायला लागली, आता वाचली’.

एक रुग्णवृत्त

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे एक देशी कुत्री आणली गेली. कुलूपबंद घराच्या आवारात ती बांधलेली राहिली होती. शेजाऱ्यांनी साखळी सोडविली तेव्हा तिला उभे राहता येत नव्हते. आम्ही प्रथम आमच्या परिचयाच्या पशुवैद्यकांना पाचारण केले. पुढील सर्व चिकित्सा त्यांच्या देखरेखीखाली झाली. आहाराची मात्रा पाळणे, निवास, शुश्रूषा व नोंदी एवढेच काम आम्ही पत्करले.

वजन ९ किलो भरले. तिच्या हाडापेराच्या मानाने ते १५ किलो असावयास हवे होते. श्वानांची शरीरस्थिती १ ते ९ अशा गुणांकात मोजतात. ५ हा समस्थितीचा अंक आणि १ हा अतिकृशतेचा. बरगड्या, मणके व कटीची हाडे दुरूनच मोजता येत होती, बोटाखाली मेद नव्हताच आणि मांड्यांचे मांस झडलेले होते. अर्थात अंक १. हिरड्या पांढुरक्या, त्वचेवर खरूज, कानांत गोचिड्या. शरीराचे तापमान ९८ अंश फॅरनहाइट.

या शेवटच्या आकड्याकडे मनुष्यवैद्याचे लक्ष जाणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. निरोगी श्वानाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. आपल्याला जो ज्वर वाटेल तो तिथे प्रकृतिभाव आणि आपल्याला जे प्राकृत वाटेल ते तिथे शैत्य. थंड पडलेल्या देहाला अन्न पचत नाही. त्यामुळे पहिला उपचार अन्नाचा नव्हे, उबेचा झाला. कोरडी गोणपाटे, त्यावर जुनी घोंगडी, कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशव्या. जलांशाची पूर्ती पशुवैद्यकांनी शिरेवाटे केली, रक्ततपासणी केली आणि अन्नापूर्वी थायमिन दिले.

मात्रा

विश्रांतीत असलेल्या श्वानाची दैनिक ऊर्जेची गरज काढण्याचे एक सूत्र पशुवैद्यकात रूढ आहे. किलोतील वजनाचा ०.७५ घात काढून त्यास ७० ने गुणावे. ९ किलोसाठी हे उत्तर सुमारे ३६४ किलोकॅलरी येते. पहिल्या दिवशी त्याच्या केवळ चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ९० किलोकॅलरी द्यावयाचे ठरले. शिजवलेल्या, बिनहाडाच्या कोंबडीच्या मांसाच्या भाषेत हे जेमतेम ६० ग्रॅम. त्याचे सहा भाग करून दर चार तासांनी एक चमचाभर.

हे पाहून परिसरातील मंडळी व्यथित झाली. कोणी दूध-पोळी आणली, कोणी ग्लुकोजची बिस्किटे, कोणी गूळ-तुपाचा लाडू. एका वृद्ध गृहस्थांनी घरचा च्यवनप्राश आणला. प्रत्येकाचा हेतू निर्मळ होता आणि त्यांतील प्रत्येक वस्तू त्या दिवशी तिला अपाय करणारी होती. बिस्किटे, पोळी व गूळ म्हणजे नेमके तेच पिष्ट व शर्करा, ज्यांनी वरील संकट ओढवते. दुधातील शर्करा बहुतेक प्रौढ श्वानांना नीट पचत नाही. तुपाचा मोठा घास झिजलेल्या आतड्यांना पेलत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्रा १२० किलोकॅलरीपर्यंत नेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिल्यांदा शेपूट हलविले. दुपारच्या रक्ततपासणीत मात्र फॉस्फेट घसरलेले आढळले आणि सायंकाळी मागच्या पायांत कंप दिसू लागला. पशुवैद्यकांनी शिरेवाटे फॉस्फेटची पूर्ती सुरू केली आणि त्या दिवशीची नियोजित वाढ स्थगित ठेवली. ती ताटलीकडे टक लावून पाहत असताना अन्न न वाढविणे हीच त्या रात्रीची चिकित्सा होती. पाचव्या दिवशी फॉस्फेट स्थिरावल्यावर मात्रा १८० वर, आठव्या दिवशी २७० वर आणि दहाव्या दिवशी पूर्ण ३६४ वर नेली.

क्रम घ्यावा, द्रव्य तपासावे

येथे वाचकांना संसर्जन क्रमाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शोधनानंतर मंद झालेल्या अग्नीला पेया, विलेपी, अकृत व कृत यूष आणि मांसरस अशा पायऱ्यांनी प्रज्वलित करण्याची ती पद्धती. तिचे तत्त्व, म्हणजे अल्पापासून बहूकडे व लघूपासून गुरूकडे जाणे, या रुग्णास तंतोतंत लागू पडते. परंतु तिची द्रव्ये जशीच्या तशी उचलणे योग्य नव्हे. पेया व विलेपी ही तांदळाची, म्हणजे पिष्टप्रधान. दीर्घ उपासमारीनंतरच्या श्वानाला पिष्ट कमी आणि सहज पचणारे प्रथिन अधिक, असा आहार लागतो. मनुष्याच्या क्रमात जे शेवटी येते ते मांस इथे प्रारंभीच येते, फक्त चमच्याच्या मापाने. भात व शिजवलेला लाल भोपळा दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, थोडे थोडे आले.

आणखी एक सूचना. केवळ मांस हा पूर्ण आहार नव्हे. त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच थोडे असते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकांनी सुचविलेले परिपूर्ण श्वानखाद्य सुरू करून मात्रा टप्प्याटप्प्याने ९०० किलोकॅलरीपर्यंत वाढविली. जंतनाशक, गोचिड्या व खरूज यांवरील उपचार प्रकृती स्थिर झाल्यावर त्यांनीच दिले. अंकुशकृमी आणि गोचिडीवाटे येणारे रक्तातील संसर्ग हे आपल्याकडील श्वानांच्या पांडुतेचे नित्याचे कारण आहे. ते शोधल्याविना नुसते खाऊ घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

चरकांनी कृशासाठी आहाराइतकेच महत्त्व निद्रा, हर्ष, सुखशय्या व मनाची निश्चिंती यांस दिले आहे. आम्ही तिला वर्दळीपासून दूरचा कोपरा दिला, अन्नाची वेळ कधी चुकविली नाही आणि ती खात असताना ताटलीला कोणी हात लावू नये असा दंडक ठेवला. उपाशी राहिलेले जनावर अन्नाचे रक्षण करते. तो त्याचा दुष्टपणा नव्हे, ती भुकेची आठवण आहे. पाचव्या आठवड्यात तिने ताटलीत दोन घास शिल्लक ठेवून मान वळविली. वजनकाट्यावर न दिसणारी ही सुधारणा आम्हास सर्वांत मोलाची वाटली.

तीन आठवड्यांनी वजन ९.८, आठ आठवड्यांनी ११.९ आणि सोळा आठवड्यांनी १४.२ किलो झाले. या संपूर्ण काळात आमच्या औषधालयातील एकही कल्प तिला दिला गेला नाही, हे येथे आवर्जून नमूद करतो.

औषधालये व विक्रेत्यांसाठी

आपल्या फळीवरील काही द्रव्ये मनुष्यास हितकर असूनही श्वानास विषवत् आहेत. द्राक्षे व मनुका यांनी श्वानांचे वृक्क निकामी होऊ शकतात. २०२१ पासून त्यातील टार्टारिक अम्ल हे कारण असावे असे मानले जाते, आणि तेच अम्ल चिंचेतही असते. त्यामुळे द्राक्षासव, द्राक्षारिष्ट आणि ज्यात मृद्वीका पडते तो च्यवनप्राश वर्ज्य समजावा. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांशही असतो. लसूण व कांदा यांनी श्वानांच्या रक्तकणांचा नाश होतो. म्हणून लशुनादि वटीसारखे कल्प देऊ नयेत. साखररहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकांत झायलिटॉल असल्यास ते अल्प मात्रेतही श्वानास घातक ठरते. लेबल वाचल्याविना बाटली हातात देऊ नये. शेजारच्या फळीवरील पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेनही त्याच यादीतील.

खरजेवर कापूर मिसळलेले तेल, किंवा खेडोपाडी लावतात तसे यंत्राचे जळके तेल, कधीही सुचवू नये. श्वान अंग चाटते, आणि बाह्य लेप क्षणात अंतर्गत होतो. रसौषधींची मात्रा तर वजनाच्या नुसत्या त्रैराशिकाने ठरविण्याचा विचारही नको. ‘ताकदीचे’ मागणाऱ्या ग्राहकाला पुडी बांधून देण्याऐवजी पशुवैद्यकाचा पत्ता लिहून देणे हे विक्री गमावणे नसून विश्वास कमावणे आहे.

कायदा व स्वरक्षण

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपली पदवी तो देत नाही. प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच दिवशी छायाचित्रे व वजनाची नोंद करून ठेवावी.

अज्ञात पूर्ववृत्ताच्या श्वानाची हाताळणी करताना चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि लसीचे वेळापत्रक पूर्ण करावे. सुश्रुतांनी कल्पस्थानात अलर्कविषाचे सविस्तर वर्णन केले आहे आणि लक्षणे उमटल्यावर ते असाध्य होते हेही जाणले आहे. त्या आचार्यांचा मान राखावयाचा तर लसीस एक दिवसाचाही विलंब होता कामा नये.

समारोप

वैद्याची परीक्षा औषध देण्यात होते, तशीच ते हातचे राखण्यातही होते. चिरक्षीणाच्या बाबतीत दया आणि मात्रा यांची फारकत झाली तर दयाच घात करते. पुढच्या वेळी कोणी असे मुके, हाडांचा सापळा झालेले जनावर आपल्या दारात आणील, तेव्हा त्यास ऊब द्यावी, थोडे पाणी द्यावे, पशुवैद्यकास बोलवावे आणि भोवती जमलेल्या दयाळू हातांना नम्रतेने थांबवावे. त्या थांबण्यामागचे शास्त्र आपल्या संहितांत आहे. ते चार लोकांना समजेल अशा शब्दांत सांगणे, हे आपले काम.