विश्लेषण : नव्या संगणकात विंडोज ‘मोफत’ टाकून मिळते, म्हणजे नेमके काय मिळते?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातील दुकानात सुटे भाग निवडून संगणक जोडून घेतला, की हाती बिल येते. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशा प्रत्येक वस्तूची ओळ आणि किंमत असते. विंडोजची ओळ मात्र बहुतेकदा नसते. तरीही संगणक सुरू केला की विंडोज दिसते. ‘ते आम्ही टाकून देतो’, असे सांगितले जाते. काही महिन्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरे उमटतात आणि मग प्रश्न पडतो, की आपण नेमके काय घेतले होते?

इन्स्टॉल आणि अ‍ॅक्टिव्हेट यांत फरक काय?

इन्स्टॉल करणे म्हणजे विंडोजच्या फाइल एसएसडीवर उतरवणे. या फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य मिळतात. अ‍ॅक्टिव्हेट करणे म्हणजे हे विंडोज वापरण्याचा परवाना आपल्याकडे आहे, याची मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून खातरजमा होणे. ही पद्धत 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरगुती संगणकांवर आली. दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो, तेव्हा तो फक्त पहिले काम करत असतो. पैसे पडतात ते दुसऱ्या गोष्टीचे.

लॅपटॉपला हा प्रश्न का येत नाही?

विंडोजसह विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या लॅपटॉपच्या किमतीतच परवाना धरलेला असतो. त्याची ‘की’ सहसा मदरबोर्डवरच साठवलेली असते. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकले तरी ते इंटरनेटला जोडताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. जोडून घेतलेल्या संगणकाचा मदरबोर्ड कोरा असतो. त्याच्यासाठी परवाना वेगळा घ्यावा लागतो.

विंडोज स्वतः टाकता येते का?

येते. दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यातील आधीची माहिती पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. मग नव्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून सुरू होतानाच बूट मेन्यूची कळ दाबावी. मदरबोर्डच्या कंपनीनुसार ती एफ 8, एफ 11 किंवा एफ 12 असते.

विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, यूईएफआय, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा यंत्रणा लागते. नव्या मदरबोर्डवर टीपीएम बहुधा आधीच सुरू असते. नसेल तर बायोसमध्ये इंटेलसाठी ‘पीटीटी’ आणि एएमडीसाठी ‘एफटीपीएम’ या नावाने ते सापडते. विंडोज 10 चा नियमित सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे नव्या संगणकात ते टाकून घेण्यात शहाणपण नाही.

कुठे अडते आणि कुठे चूक होते?

सर्वात महाग चूक डिस्क निवडताना होते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडलेली असेल आणि घाईत तिचे पार्टिशन डिलीट केले, तर घरचे फोटो आणि कागदपत्रे जातात. म्हणून विंडोज टाकताना नवी एसएसडी तेवढी जोडलेली ठेवावी. बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात.

यादीत एसएसडीच दिसत नसेल, तर ती बिघडली असे लगेच समजू नये. इंटेलच्या काही संगणकांत ‘व्हीएमडी’ ही सोय सुरू असते. अशा वेळी तिचा ड्रायव्हर आधी द्यावा लागतो.

विंडोज 11 होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागते. नव्या बोर्डच्या वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर काम तिथेच थांबते. मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

हे खाते घरातल्याच व्यक्तीचे असावे, दुकानातील तंत्रज्ञाचे नको. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने टाकल्यावर अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची 48 अंकी ‘रिकव्हरी की’ याच खात्यात जमा होते. उद्या संगणकाने ती मागितली आणि खाते कुणाचे ते आठवले नाही, तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येणार नाही.

अ‍ॅक्टिव्हेट केले नाही तर?

इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ असा पर्याय असतो. तो निवडून पुढे जाता येते. संगणक चालतो, सुरक्षा अपडेटही येतात. कोपऱ्यात अक्षरे दिसत राहतात आणि वॉलपेपर, रंग, थीम सेटिंग्जमधून बदलता येत नाहीत. परवाना नंतर घेतला, तरी विंडोज पुन्हा टाकावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये 25 अक्षरी की भरली की झाले. मात्र की त्याच आवृत्तीची हवी. होमची की प्रोला चालत नाही.

परवाना कोणता घ्यावा?

‘रिटेल’ परवाना एका वेळी एकाच संगणकावर चालतो, पण पुढे दुसऱ्या संगणकावर नेता येतो. ‘ओईएम’ परवाना तुलनेने स्वस्त असतो. तो ज्या संगणकावर पहिल्यांदा वापरला, त्याच्याशीच बांधला जातो. मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी तो नवा संगणक ठरतो. रिटेल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल, तर ‘अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटर’मधून तो परत मिळवता येतो. दोन-चार वर्षांत बोर्ड बदलण्याचा विचार असेल, तर रिटेलचे जादा पैसे वाया जात नाहीत.

चार-पाचशे रुपयांची की का मिळते?

अधिकृत परवान्याला काही हजार रुपये पडतात. मग ऑनलाइन बाजारात चार-पाचशे रुपयांत मिळणारी की कुठून येते? अनेकदा ती कंपन्या किंवा शिक्षणसंस्थांना ठोक परवान्यात दिलेल्या कींपैकी एक असते. ती सुटी विकण्याचा अधिकार विक्रेत्याला नसतो. ती आज चालते, पण गैरवापर लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्ट ती बंद करू शकते. तोवर विक्रेता गायब झालेला असतो.

‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाची छोटी प्रोग्रॅम याहून धोकादायक आहेत. ती चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. म्हणजे दाराला कडी न लावता अनोळखी माणसाला घरात घेण्यासारखेच. 2021 मध्ये अशाच एका लोकप्रिय अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फाइलमधून ‘क्रिप्टबॉट’ पसरवले जात असल्याचे सुरक्षा तज्ज्ञांनी उघड केले. ते ब्राउझरमधील पासवर्ड, कार्डांची माहिती आणि क्रिप्टो वॉलेट चोरते. त्याच संगणकावर आपण नेट बँकिंग करत असू, तर परवान्याचे वाचलेले पैसे फार महाग पडतात.

कायद्याचाही प्रश्न आहे. स्वामित्व हक्क कायदा, 1957 च्या कलम 63 ब नुसार बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंड करू शकते. डीटीपी, झेरॉक्स किंवा सायबर कॅफे चालवणाऱ्यांना ही सवलत लागू होत नाही.

विंडोजशिवाय पर्याय आहे का?

उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांना की लागत नाही आणि अ‍ॅक्टिव्हेशनही नाही. ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि युनिकोड मराठी त्यांवर उत्तम चालते. अभ्यास, पत्रव्यवहार आणि व्हिडीओ पाहण्यापुरता संगणक हवा असेल, तर हा पूर्ण कायदेशीर आणि विनामूल्य मार्ग आहे. टॅली, फोटोशॉप किंवा केवळ विंडोजवर चालणारे मराठी डीटीपी सॉफ्टवेअर हवे असेल, तर मात्र विंडोजच घ्यावे लागते.

आपले विंडोज अस्सल आहे का, हे कसे ओळखावे?

‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडावे. ‘डिजिटल लायसन्स’चा उल्लेख असणे, हे चांगले लक्षण. घरच्या संगणकावर ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेद्वारे अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे लिहिलेले असेल, तर सावध व्हावे. कार्यालयांसाठीचे हे अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसांचे असते आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. कोपऱ्यातील अक्षरे काही महिन्यांनी उगवतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पडद्यावर सगळे ठीक दिसले, तरी अखेरचा पुरावा बिलच. त्यामुळे संगणक घेतानाच दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत : परवाना कोणता, आणि तो बिलात कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर ‘विंडोज टाकू नका’ असे सांगून रिकामा संगणक घरी आणावा. विंडोज आपल्यालाही टाकता येते.